निकोडेमस, कॅन्सस: रेल्वेनं गाव मारलं, की ते तसंही ओसरलंच असतं?

पवनचक्की (धागाकर्ता)

कॅन्सस राज्याच्या वायव्येला, ग्रॅहम काउंटीत, चोवीस नंबरच्या महामार्गालगत निकोडेमस नावाची वस्ती आहे. वस्तीच म्हणतो, कारण तिला नगराचा दर्जा नाही आणि कधी नव्हताही. महापौर नाही, नगर परिषद नाही. कायमची राहणारी माणसं वीसच्या आत. असं असूनही १९९६ साली अमेरिकी संसदेनं कायदा करून तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवलं.

कारण असं. यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी पश्चिमेच्या मैदानी मुलखात जी गावं वसवली, त्यातलं तग धरून राहिलेलं हे गाव. एप्रिल १८७७ मध्ये डब्ल्यू. आर. हिल नावाचा गोरा जमीन-दलाल आणि डब्ल्यू. एच. स्मिथ नावाचे कृष्णवर्णीय पाद्री यांनी मिळून निकोडेमस टाउन कंपनी काढली. केंटकीत पत्रकं वाटली, चर्चमधून प्रचार केला. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर सरकारी जमीन कसायला मिळत होतीच. १८७७ च्याच सप्टेंबरात तीनशेच्या वर माणसं आगगाडीनं एलिस स्टेशनला उतरली आणि तिथून पस्तीसेक मैल, बरीचशी पायी, इथवर आली.

दहा वर्षांत गाव उभं राहिलं. दुकानं, हॉटेल, शाळा, चर्चेस, दोन वर्तमानपत्रं. मग १८८८ साली रेल्वे आली ती नदीच्या पलीकडून गेली आणि गाव बसलं. निदान सगळीकडे असंच लिहिलेलं सापडतं.

मला ही गोष्ट जरा जास्तच सरळ वाटते. रेल्वे चुकली म्हणून गाव मेलं, एवढंच आहे का हे? इतिहासवाल्यांनी लिहावंच. शिवाय ज्यांची वाडी, पाडा, तांडा असाच कुणाच्या तरी हद्दीत 'धरलेला' आहे, त्यांचे अनुभवही हवेत.

खोडसाळपंत

पहिला! आता वाचतो.

शेवगा

छान विषय. बाळबोध शंका: नगराचा दर्जा नाही म्हणजे नक्की काय? रस्त्यातला खड्डा कोण बुजवतो? चोरी झाली तर कुणाकडे जायचं?

खोडसाळपंत

वाचला. शेवगाताई, दर्जा असलेल्या शहरात खड्डे कोण बुजवतं ते आधी सांगा, मग पुढचं बोलू.

पवनचक्की

@शेवगा, अमेरिकेत जमिनीचा जवळपास प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या काउंटीत येतो. त्यातल्या एखाद्या ठिकाणच्या लोकांनी रीतसर मागणी करून सनद घेतली की ते 'शहर' होतं. मग तिथला कर, नळ, पोलीस ज्याचं त्यानं बघायचं. जे सनद घेत नाहीत ते काउंटीच्या भरवशावर. पोलीस म्हणजे काउंटीचा शेरीफ. कॅन्ससमध्ये काउंटीच्या खाली टाउनशिप असते, ग्रामीण रस्त्यांचं काम बरंचसं तिच्याकडे. निकोडेमस गाव निकोडेमस टाउनशिपमध्येच आहे. गावातली सगळ्यात ठसठशीत इमारत म्हणजे टाउनशिप हॉल, चुनखडीच्या दगडाचा, १९३९ चा. मंदीच्या काळात सरकारनं रोजगारासाठी जी कामं काढली त्यातला.

माजी ग्रामसेवक

म्हणजे आपल्या रोजगार हमीसारखंच की.

उभी नोकरी अशाच वस्त्यांत गेली, म्हणून लिहितो. आपल्याकडे 'कुणाचंच नाही' असं गाव नसतं. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानं लहान गावांची मिळून गट ग्रामपंचायत होते. पंचायतीचं ऑफिस असतं मोठ्या गावात आणि वाडीवाल्याला साध्या दाखल्यासाठी ओढा ओलांडून यावं लागतं. दुसरी गोष्ट महसुली गावाची. पंचायत वेगळी, महसुली गाव वेगळं, हे शिकलेल्यांनाही कळत नाही. कितीतरी तांडे आणि वाड्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण सातबाऱ्यावर गाव म्हणून शेजारच्याच गावाचं नाव. स्वतंत्र महसुली दर्जा मिळावा म्हणून त्यांचे अर्ज तहसीलमध्ये फिरत असतात.

आणि याच्या उलटंही असतं. दप्तरात गाव आहे, नंबर आहे, नकाशा आहे, पण माणूस एक नाही. त्याला आम्ही बेचिराख गाव म्हणतो. मी ज्या तालुक्यात होतो तिथे अशा एका गावच्या शिवारात फक्त मारुतीचं देऊळ उरलं होतं. शेजारचे लोक शनिवारी तेल घालून यायचे. जमिनीची मोजणी मात्र आजही त्याच गावाच्या नावानं.

शेवगा

वा, दोघांनाही धन्यवाद. मग निकोडेमस बेचिराख म्हणायचं का?

माजी ग्रामसेवक

एक जरी चूल पेटत असेल तरी नाही.

निळी शाई

धागालेखकानं सुरुवातीची वर्षं फारच भराभर उरकली. खरा मसाला तिथेच आहे.

केंटकी का, ते आधी. केंटकी युद्धात उत्तरेच्या बाजूनं राहिलेलं, पण गुलामी चालू असलेलं राज्य. त्यामुळे लिंकनचा १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा तिथे लागूच नव्हता. तिथले उरलेसुरले गुलाम सुटले ते डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीनं. त्या दुरुस्तीला केंटकीच्या विधिमंडळानं मान्यता दिली १९७६ साली! छपाईची चूक नाही, एकोणीसशे शहात्तरच. त्यात १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राची फौज निघाली आणि जे थोडं संरक्षण होतं तेही संपलं. तेव्हा कुणी पत्रक हातात देऊन 'चला, जमीन आहे' म्हटलं तर माणसं निघणारच.

पण पत्रकातलं गाव आणि प्रत्यक्षातलं गाव यांत अंतर होतं. विलियाना हिकमन ही बाई नवऱ्याबरोबर १८७८ च्या वसंतात आली. एलिसला तंबूत असताना गोवराची साथ येऊन त्यांच्या तांड्यातली काही मुलं गेली. तिथून पुढे चालत निघाले, रात्री उघड्यावर काढल्या. एक दिवस पुढची माणसं ओरडली, आलं निकोडेमस. ही बघते तर घर नाही, झाड नाही, जमिनीतून धूर येतोय. लोक जमिनीत खणलेल्या खोपटांत राहत होते. तिनं पुढे सांगून ठेवलंय की ते बघून तिला रडू फुटलं.

पहिल्या टोळीतले कित्येक लोक ते दृश्य बघून परत फिरले होते. जे राहिले त्यांच्याकडे नांगराला जनावरं मोजकीच, त्यामुळे कुदळ-फावड्यानं जमीन उकरली. जळण नाही, म्हणून सूर्यफुलाचे धांडे आणि रानगव्यांच्या वाळलेल्या शेणी. पुरुष मजुरीसाठी मैलोन्‌मैल चालत रेल्वेच्या कामावर जायचे. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी मांस दिलं म्हणून जगलो, असं गावातली घराणी सांगत आली आहेत.

तर्कटराव

सगळं वाचलं. माहिती उत्तम, पण एक विचारू? कॅन्ससमधल्या पंधरा-वीस लोकांच्या वस्तीचा इतिहास मराठी माणसानं मराठीत का चघळायचा? आपल्याकडे अख्खी गावं धरणाखाली गेली, त्यांच्यावर एक ओळ कुणी लिहीत नाही. इथे मात्र अमेरिका म्हटलं की धागा शंभरी गाठणार.

खोडसाळपंत

तर्कटराव आले म्हणजे शंभरी नक्की.

वऱ्हाडी ठेचा

तर्कटराव, तुमाले संबंध पायजे ना, मंग घ्या.

ज्या युद्धानं हे केंटकीवाले सुटले, त्याच युद्धानं आमच्या वऱ्हाडाचं नशीब पालटलं. १८६१ ते ६५ अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांत जाणं बंद झालं अन् इंग्रजाचं लक्ष आमच्या काळ्या जमिनीवर गेलं. भाव असे चढले का लोकायनं ज्वारी मोडून कापूस पेरला. रूळ टाकायची घाई झाली, १८६७ ले गाडी नागपूरले पोचली. युद्ध संपलं, भाव आपटले. मुंबईत पेढ्या बुडाल्या अन् इकडे कुणबी सावकाराच्या वहीत गेला. तिकडे माणूस मोकळा झाला अन् इकडे अडकला, असा हिशेब हाय तो.

अन् रेल्वे चुकल्याचं आमाले काय सांगता! मेन लाइन गेली बडनेऱ्यावरून. अमरावतीले फाटा भेटला. कापसाचा येवढा मोठा बाजार, पण मुंबई-नागपूर लाइनवर नाव बडनेऱ्याचं. तरी अमरावती मेली का? मोठीच झाली. म्हून म्या पवनचक्कीच्या बाजूनं. निस्ती रेल्वे कोनाले मारत नाही.

निळी शाई

ठेचा, कापसाचा मुद्दा झकास.

तर्कटराव, आणखी एक धागा आहे. जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' १८७३ चं. त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली त्यांना उद्देशून आहे आणि आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा अशी इच्छा तिथे व्यक्त केली आहे. म्हणजे पुण्यात बसलेला माणूस ही घडामोड आपली समजत होता. निकोडेमस वसलं ते त्यानंतर चारच वर्षांनी. त्याच १८७७ मध्ये इकडे दख्खनेत मोठा दुष्काळ चालू होता.

तर्कटराव

फुल्यांचं मान्य. पण अर्पणपत्रिका गुलामी मोडणाऱ्या गोऱ्या लोकांना आहे, सुटलेल्या लोकांना नव्हे. निकोडेमस ही सुटलेल्यांनी पुढे काय केलं याची गोष्ट आहे. दोन्ही एका दावणीला बांधू नका.

निळी शाई

हा फरक बरोबर आहे, आणि म्हणूनच हा धागा वाचायला हवा. सोडवणाऱ्यांवर रकानेच्या रकाने लिहिलेले असतात. सुटल्यावर दुसऱ्या दिवशी जेवायचं काय, यावर फार थोडं.

हिशेबी

रेल्वेची बाजू कुणीतरी मांडायला हवी, ती मी घेतो.

गावात १८८० च्या दशकात पाचशेच्या आसपास माणसं होती. 'वेस्टर्न सायक्लोन' १८८६ मध्ये निघालं, 'निकोडेमस एंटरप्राइज' १८८७ मध्ये. एवढ्याशा गावाला दोन पेपर कशाला? बातम्यांसाठी नव्हे. मैदानी भागातले असले पेपर निम्मे जाहिरातीचे असायचे. या, प्लॉट घ्या, इथे रेल्वे येणार आहे. १८८७ मध्ये टाउनशिपनं मिसुरी पॅसिफिक कंपनीला आणण्यासाठी १६,००० डॉलरचे कर्जरोखे काढायचं मतदानानं ठरवलं. म्हणजे कंपनीनं रूळ टाकावेत म्हणून गावानं स्वतःच्या डोक्यावर कर्ज घ्यायची तयारी दाखवली. ज्यांच्याकडे दहा वर्षांपूर्वी नांगर नव्हता त्यांनी.

मिसुरी पॅसिफिक आलीच नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिक आली ती सॉलोमन नदीच्या दक्षिणेकडून. तिथे कामगारांचा तळ पडला, त्याचं बोग नावाचं गाव झालं. निकोडेमसच्या दुकानदारांनी बाडबिस्तरा उचलला आणि नदीपलीकडे गेले. वर्तमानपत्रं बंद पडली. हे सगळं एका वर्षाच्या आत. याला गाव मारणं नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

अमरावतीची तुलना गैरलागू. तिला फाटा तरी मिळाला, आणि ती आधीपासून बाजारपेठ होती.

पवनचक्की

हिशेबी, मुद्देसूद. पण तारखा पुढे नेऊ.

दुकानं गेली, शेतकरी नाही गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाऊस बरा झाला, गव्हाला भाव आला आणि आसपासच्या शेतांवरची वस्ती सावरली. बाप्टिस्ट चर्चची दगडी इमारत १९०७ ची, शाळेची आजची इमारत १९१८ ची. रेल्वे चुकल्यावर वीस-तीस वर्षांनी बांधलेल्या ह्या. मेलेलं गाव शाळा बांधत नाही. पहिलं महायुद्ध संपल्यावर गव्हाचा भाव कोसळला, मग मंदी, मग तीसच्या दशकातली धुळीची वादळं. १९३५ पर्यंत गावात शंभरही लोक उरले नव्हते. पोस्ट बंद झालं १९५३ ला.

आता आजूबाजूला बघा. ग्रॅहम काउंटीची लोकसंख्या १९१० च्या सुमारास आठ हजारांच्या वर होती, आता अडीच हजारांच्या आत. ज्या बोगनं बाजार पळवला त्या बोगमध्ये आज दीडशेच्या आसपास माणसं आहेत. रेल्वे मिळूनही! ट्रॅक्टर आला, एकेका घराकडे हजारो एकर गेली, माणसं लागेनाशी झाली.

शेवगा

बोगचा दीडशेचा आकडा वाचून वाईट वाटलं की बरं वाटलं, तेच कळेना.

खोडसाळपंत

पळवलेला बाजार कुणाला लाभलाय?

सड्यावरचा

आमची वाडी रत्नागिरी जिल्ह्यात, एका खाडीच्या वरच्या अंगाला. बारा घरं, त्यातल्या आठांना कुलूप. गट ग्रामपंचायतीत आमचा एक सदस्य, तोही मुंबईत दुकान सांभाळून. पण गणपतीला या. पाय ठेवायला जागा नसते. आरतीला कुणी कुठे उभं राहायचं याचे मान ठरलेले आहेत आणि त्यावरून दरवर्षी भांडण होतं. वाडी आहे याचा मोठा पुरावा माझ्या मते ते भांडण.

निकोडेमसला असं काही आहे का? वर्षातून एकदा जमणं वगैरे?

पवनचक्की

आहे ना! जुलैच्या शेवटच्या आठवड्याअखेरीस. १८७८ पासून. सुरुवातीला त्याला मुक्तिदिन म्हणायचे, आणि गंमत म्हणजे तो अमेरिकेतल्या मुक्तीचा नव्हे. १ ऑगस्ट १८३४ ला ब्रिटिश वेस्ट इंडीजमधली गुलामी कायद्यानं संपली, त्याची आठवण. हल्ली त्याला होमकमिंग म्हणतात. डेन्व्हर, कॅन्सस सिटी, टोपिका, कॅलिफोर्निया, जिथे जिथे घराणी पांगली तिथून माणसं येतात आणि वीसच्या आतलं गाव त्या दोन-तीन दिवसांत काही शेकड्यांवर जातं.

सड्यावरचा

म्हणजे चाकरमानीच. बाल्या नाचाला कोण उभं राहतं ते विचारा त्यांना.

डेन्व्हरची आजी

मी जाऊन आलेय, लेकीच्या कुटुंबाबरोबर. जमावाच्या दिवसांत नव्हे, एरवीच. लिहू का?

महामार्गावरून जाताना लक्ष नसेल तर गाव मागे पडतं. दोन्ही बाजूंना गहू काढून झालेली शेतं, वारा असा की गाडीचं दार हातातून सुटतं. गावात खडीचे रस्ते, पण त्यांना नावं कशी तर वॉशिंग्टन अव्हेन्यू! मोठ्या शहराचा आराखडा आखूनच बसले होते बिचारे. टाउनशिप हॉलचा दगड पिवळसर, हात लावला तर उन्हानं तापलेला. आत भिंतींवर घराण्यांचे फोटो. बायकांच्या टोप्या बघा, पुरुषांच्या कोटाची बटणं बघा. जमिनीत खणलेल्या खोपटातून निघून एका पिढीत फोटोसाठी कडक इस्त्रीचे कपडे!

तिथल्या एक बाई, माझ्याच वयाच्या असाव्यात, जावयाला म्हणाल्या, 'सरकारनं पाटी लावली ते ठीक, पण पाटी लावायच्या आधी आमच्या लोकांनी शंभर वर्षं हे सांभाळलं, ते विसरू नका.' पाच जुन्या इमारती आहेत तिथे जपलेल्या: हॉल, शाळा, दोन चर्चेस आणि एक जुनं हॉटेल. ते हॉटेल फ्लेचर कुटुंबाचं होतं. झॅकरी फ्लेचर गावाचे पहिले पोस्टमास्तर आणि त्यांची बायको जेनी गावची पहिली शिक्षिका.

जवळपास जेवायची सोय दिसली नाही. डबा न्या.

माजी ग्रामसेवक

आजी, फार छान लिहिलंत. पाटीवरचं ते वाक्य अगदी पटलं. आमच्याकडे पण पुरातत्त्व खात्याचा निळा बोर्ड लागला की लोकांना वाटतं, देऊळ खात्यानंच बांधलं.

काळी माती

रेल्वे, दुष्काळ सगळं खरं, पण जमिनीचं कर्ज या मुद्द्याला कुणी हात लावला नाही.

माझ्या वडिलांनी पीककर्जासाठी एका बँकेत वर्षभर खेटे घातले. कागद पुरे होते. शेवटी पैसे मिळाले तेव्हा पेरणी होऊन महिना झाला होता. उसनवारीवर बी आणलं होतं, त्याचं व्याज वेगळं. कर्ज 'मंजूर' होतं, पण उपयोग शून्य. शेतीत उशिरा मिळालेलं कर्ज म्हणजे न मिळालेलं कर्ज.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची हीच तक्रार होती: सरकारी कृषी खात्याकडे कर्ज मागितलं की गोऱ्या शेजाऱ्याला वेळेत मिळतं, आम्हाला टोलवतात. पिगफर्ड नावाच्या शेतकऱ्याच्या नावानं देशभरच्या शेतकऱ्यांचा दावा चालला आणि १९९९ मध्ये त्यात तडजोड होऊन भरपाई द्यायचं ठरलं. तोवर कितीजणांच्या जमिनी गेल्या असतील! तेव्हा 'सगळीच खेडी ओसरली, हेही ओसरलं' असं म्हणताना जरा थांबा. दुष्काळ सगळ्यांना सारखा असतो, दुष्काळातून उठायला मिळणारा हात सारखा नसतो.

हिशेबी

+१. काळी माती, हा मुद्दा या चर्चेत सगळ्यात वजनदार.

तर्कटराव

+१. (होय, मी. स्क्रीनशॉट काढून ठेवा.)

बॅटबॉल

अवांतर: निकोडेमसची बेसबॉलची टीम होती, 'ब्लूज' नावाची. आणि तिथला व्हेरिल स्वित्झर हा पोरगा कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून फुटबॉल (त्यांचा, लंबगोल चेंडूवाला) खेळला आणि १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सकडून व्यावसायिक संघात गेला. पुढे त्याच विद्यापीठात वर्षानुवर्षं काम केलं आणि गावाकडची शेतीही राखली. २०२२ मध्ये वारला.

खोडसाळपंत

एवढ्याशा गावातून राष्ट्रीय खेळाडू. आमच्या साडेतीन लाखांच्या शहरात मैदानावर लॉन्स आणि मंगल कार्यालय.

निळी शाई

खेळाडूंचं निघालंच आहे तर राजकारणीही घ्या. एडवर्ड मॅकेब नावाचा कृष्णवर्णीय तरुण १८७८ मध्ये निकोडेमसला आला. १८८० मध्ये काउंटी स्थापन झाली तेव्हा गव्हर्नरनं त्याला तिचा कारकून नेमलं, म्हणजे हल्लीच्या भाषेत दप्तरप्रमुख. १८८२ मध्ये तो अख्ख्या कॅन्ससचा राज्य लेखापाल म्हणून निवडून आला आणि १८८४ मध्ये पुन्हा. विचार करा, गोऱ्या बहुसंख्येच्या राज्यात, १८८२ साली. तिसऱ्यांदा पक्षानं उमेदवारी दिली नाही. मग तो ओक्लाहोमाकडे गेला आणि १८९० मध्ये तिथे लँग्स्टन नावाचं कृष्णवर्णीयांचं गाव उभं करण्यात पुढाकार घेतला.

आणि तो जमीन-दलाल हिल? काउंटीचं आजचं मुख्य ठिकाण आहे हिल सिटी. नाव त्याचंच. केंटकीच्या माणसांना ज्यानं पत्रक देऊन बोलावलं त्याच्या नावाचं शहर झालं, सनद-बिनदसह. तिथे काउंटीचं कोर्ट आहे. निकोडेमसच्या माणसाला जमिनीचा कागद काढायला हिल सिटीलाच जावं लागतं.

माजी ग्रामसेवक

दाखल्यासाठी ओढा ओलांडणं तिथेही आहे तर.

हिशेबी

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण पवनचक्कीनं 'रेल्वे की आणखी काही' असं विचारलं होतं आणि आपण अमरावती, गणपती, फुटबॉल सगळं फिरून आलो.

माझं म्हणणं अजूनही असं की रेल्वेला मोकळं सोडू नका. पवनचक्की म्हणतात तशी शेती टिकली, शाळा झाली, मान्य. पण बाजार गेल्यामुळे काय गेलं ते बघा. दुकानदार गेला की शेतकऱ्याला उधार देणारा आपल्यातला माणूस जातो. धान्य नदीपलीकडे न्यायचं, भाव तिथला घ्यायचा, बी तिथूनच आणायचं. पेपर गेला की गावाची बाजू मांडणारं कुणी उरत नाही. काळी मातीनं कर्जाचं लिहिलं ते इथे जोडून वाचा. १९३० च्या दुष्काळात ज्या गावाकडे स्वतःचा बाजार आणि पत होती ते गाव चार वर्षं जास्त तगलं असतं, आणि तेवढ्यात पाऊस आला असता. रेल्वेनं गाव एका दिवसात मारलं नाही, पण पुढच्या आजारपणासाठी अंगात काही शिल्लक ठेवलं नाही.

पवनचक्की

हे मात्र मला पटण्याच्या फार जवळ आहे. तरी एक शंका राहतेच: बाजार आणि पत असूनही बोग दीडशेवर का आलं? बोगला दुष्काळात कर्ज नाकारणारं कुणी नव्हतं.

हिशेबी

दीडशे आणि वीस यांत फरक आहे, साहेब. दीडशेवाल्यांनी सनद घेतली, त्यांचं स्वतःचं पोस्ट आहे. निकोडेमसची टपाल आज बोगच्या पिनकोडवर येते.

पवनचक्की

टपालाचं माहीत नव्हतं. हा टोला बसला.

शेवगा

आजींनी गव्हाच्या शेतांचं लिहिलंय. तिकडे गहूच पिकतो का फक्त?

डेन्व्हरची आजी

गहू आणि ज्वारी. हो, ज्वारी! मी गाडी थांबवायला लावून कणसं बघितली.

वऱ्हाडी ठेचा

काय सांगता! अमेरिकेत ज्वारी?

पवनचक्की

अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्ससमध्येच होते. कमी पाण्यावर येते म्हणून. पण जास्त करून गुरांना घालतात, इथेनॉल काढतात आणि परदेशी पाठवतात. बुटकी असते, कंबरेएवढी, यंत्रानं कापायला बरी. दाणा तांबूस.

वऱ्हाडी ठेचा

कंबरेयेवढी? मंग कडबा कुठून निंगनार? जनावरायनं काय खायाचं?

डेन्व्हरची आजी

पांढऱ्या दाण्याचीही मिळते हल्ली, पिठाच्या पिशव्या येतात दुकानात. भाकरी थापताना कडेला चिरते. उकळत्या पाण्यात पीठ मळून बघा, जरा बरी होते.

माजी ग्रामसेवक

जुनं पीठ असेल, आजी. दळून महिना झाला की विरी जाते. जात्यावरचं ताजं असतं तर पाणी उकळायला लागलं नसतं.

खोडसाळपंत

भाकरीचा वेगळा धागा काढा कुणीतरी. हा इतिहास विभागात आहे आणि मला भूक लागलीय.